खुर्चीचं दुखणं, खुर्चीचाच उतारा

अमेरिकेत आयटीत काम करणारी चार मराठी माणसं एकत्र जमली की ग्रीन कार्डनंतर दुसरा विषय निघतो तो कंबरदुखीचा. मीही त्यातलाच. कॉम्प्युटर इंजिनीअर, वय छत्तीस, मुक्काम बॉस्टनजवळ. दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर, आणि भारतातल्या टीमबरोबर पुन्हा रात्री कॉल. गेल्या हिवाळ्यात कंबर अशी धरली की तीन वर्षांच्या लेकीला उचलून घेणं बंद झालं. डॉक्टरांनी तपासलं, 'घाबरण्यासारखं काही नाही' म्हणाले आणि सल्ला दिला : फिजिओथेरपी करा, नाहीतर योगासनं.

अमेरिकन डॉक्टरांनी योगासनं सांगावीत याचं आपल्याला कौतुक वाटतं, पण या सल्ल्यामागे अभ्यास आहे. २०१७ मध्ये 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या डॉक्टरांच्या संस्थेने जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग, ताई ची असे उपाय करावेत, असं सुचवलं. वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांच्या व्यसनात या देशातली असंख्य घरं होरपळली आहेत, त्यामुळे या सूचनेला मोठा अर्थ आहे. त्याच वर्षी बॉस्टनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. जुनाट कंबरदुखीचे ३२० रुग्ण, बहुतेक कमी उत्पन्न गटातले. काहींना १२ आठवडे योगवर्ग, काहींना फिजिओथेरपी, काहींना नुसतं माहितीचं पुस्तक. योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. चमत्कार नाही, पण भरवसा ठेवण्याजोगा उपाय नक्कीच.

मी गावातल्या कम्युनिटी सेंटरच्या वर्गात नाव घातलं. तिथे पहिल्याच दिवशी हातात आली घडीची लोखंडी खुर्ची, पट्टा आणि दोन लाकडी ठोकळे. हे सगळं सामान आपल्या पुण्याचं! बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे. लहानपण आजारपणात गेलेलं. १९३७ मध्ये ते योग शिकवायला पुण्यात आले आणि कायमचे पुणेकर झाले. ज्याचं शरीर वाकत नाही, त्यानेही आसन नीट करावं म्हणून त्यांनी खुर्ची, दोर, पट्टे, विटा वापरात आणल्या. १९५६ मध्ये ते पहिल्यांदा अमेरिकेत आले, १९६६ मध्ये त्यांचं 'लाइट ऑन योगा' निघालं, १९७३ मध्ये त्यांनी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला शिकवलं. १९७५ मध्ये शिवाजीनगरला त्यांची संस्था उभी राहिली. जगभरातले शिक्षक तिथे शिकायला येऊ लागले.

खुर्चीचा उपयोग कसा होतो तेही सांगतो. तासन् तास बसून मांडीच्या पुढच्या बाजूचे आणि मागच्या बाजूचे स्नायू आखडतात, पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार कंबरेवर येतो. खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून अर्धं वाकलं की पाठीचा कणा लांब होतो, कंबरेला हिसका बसत नाही. खुर्चीवर आडवं बसून भारद्वाजासनाचा पीळ देता येतो. उताणं झोपून पिंढऱ्या खुर्चीवर ठेवल्या की दहा मिनिटांत कंबर सैल होते. हे सगळं दोन मीटिंगच्या मधल्या वेळात, ऑफिसच्या कपड्यांतही जमतं. तीन-चार महिन्यांत माझं दुखणं बरंच आटोक्यात आलं. पण सलग आठवडाभर खंड पडला की ते परत आठवण करून देतं, हेही खरं.

मात्र पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल, तर आधी डॉक्टर. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर व्हिडिओ बघून शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका.

जाता जाता एक सुचवतो. आपले आई-बाबा इकडे सहा महिने येतात. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, गुडघे कुरकुरतात, दिवस टीव्हीसमोर जातो. आणि इथे दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे आधी इन्शुरन्सचे कागद शोधा! त्यांच्यासाठी घरात एक घडीची खुर्ची आणून ठेवा. ती घसरू नये म्हणून भिंतीला टेकवा, आणि एखाद्या जाणत्या शिक्षकाकडून त्यांना झेपतील अशी चार आसनं शिकून घ्या. मग रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटून वीस मिनिटं त्यांच्यासोबत करा. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडेल, तुमची कंबर मोकळी होईल, आणि दिवसभर घरात एकटं बसलेल्या त्या दोघांना बोलायला माणूस मिळेल.