गाडीचा आराम आणि गाडीवरचा ताबा

मुलांनो, खड्ड्यातून जाताना एखादी मोटार नुसती हलते, तर एखादी जोराचा हिसका देते. असे का होते? चाकाजवळ स्प्रिंग असते. ती दबून धक्का झेलते आणि पुन्हा उसळते. ही उसळी शॉक ॲब्सॉर्बर थांबवतो. त्यातील तेल बारीक छिद्रांतून जाते व उसळीचा जोर कमी होतो.

१९४८ साली फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीची '२ सीव्ही' ही गाडी लोकांसमोर आली. नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडी फुटू नयेत, अशी ती बनवायची होती. म्हणून तिच्या स्प्रिंगा मऊ ठेवल्या. प्रवास सुखाचा झाला. पण वळणावर गाडी खूप कलत असे.

मग स्प्रिंगा फार कडक बसवाव्यात का? तसे केले तर गाडी कमी कलते. पण खडबडीत रस्त्यावर चाक उडते. उडालेले चाक ना ब्रेकने गाडी थांबवते, ना तिला वळवते. असे झाले तर जिवावर बेतू शकते. म्हणून स्प्रिंग बदलताना तिला जुळणारा शॉक ॲब्सॉर्बरच निवडावा. आराम हवाच, पण चाकाने रस्ता सोडता कामा नये, हे लक्षात ठेवा.