बंद पाळण्यांचा हिशेब

कवठे येमाईहून २०१३ सालीं उघडलेल्या खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानास सहल न्यावयाची, तर पुष्कळ घरांस शिल्लक मोडावी लागते. म्हणून ‘किती खेळ बंद?’ असें न विचारतां ‘कोणते व किती वेळ?’ असें आपण विचारावें. पावसांत उघड्यावरील उंच खेळ थोडा वेळ थांबतात. दुरुस्तीचे मात्र दिवसभर मिळत नाहींत. शिवाय दहांतील तीन बंद पडले, तर सारी गर्दी उरलेल्या सातांपाशीं जमते व रांगेंतच दिवस सरतो. मुलें नायट्रो या रुळांवरील वेगवान गाडीसाठींच निघालीं असतील आणि तीच बंद असेल, तर सहल पुढें ढकलावी. तथापि हिरमुसल्या बालकांस आम्ही एवढेंच सांगूं: शंका येतांच जो थांबविला जातो, तोच पाळणा विश्वासाचा.