फेसाचे लाकूड

जपानमधील होन्शू आणि क्युशू या बेटांना जोडणारा कानमोनचा रेल्वे बोगदा १९४२ मध्ये सुरू झाला. तो समुद्रतळाखालून जातो. आत खारे पाणी झिरपते, हवा दमट असते आणि अशा ठिकाणी रुळाखालचे लाकूड फार काळ टिकत नाही. १९८० मध्ये या बोगद्यात आणि मिओमोते नदीवरच्या रेल्वेपुलावर चाचणीसाठी काही वेगळे स्लीपर बसवण्यात आले. करवतीने कापता येणारे, गिरमिटाने भोक पाडता येणारे, वजनाला बीच लाकडाइतकेच. पण त्यांत लाकडाचा कण नव्हता. सेकिसुई केमिकल या कंपनीचे ते स्लीपर लांब काचतंतू भरलेल्या पॉलियुरेथेन फोमचे होते.

ज्या फोमवर आपण पाठ टेकतो, त्याच कुळातल्या पदार्थावरून आगगाडी धावते, ही गोष्ट मला गेल्या शतकातल्या पदार्थविज्ञानाची फार मोठी कमाई वाटते. तिच्याविषयी मराठीत फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही.

पॉलियुरेथेनचा जन्म जर्मनीतल्या लेव्हरकुझेनचा. तिथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये डायआयसोसायनेट आणि पॉलिओल यांच्यापासून लांब साखळ्यांचे रेणू घडवण्याची रीत शोधली. तिथल्या बायर कंपनीचे संस्थापकही बायर आडनावाचेच, पण त्या घराण्याशी ओटो यांचे नाते नव्हते. सुरुवातीच्या नमुन्यांत बुडबुडे येत, आणि हा माल फार तर भोकाभोकांच्या चीजची नक्कल करायला बरा, असा शेरा तपासनिसांनी मारल्याचे सांगतात. बुडबुड्यांचे कारण साधे होते. आयसोसायनेटला ओलावा मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि घट्ट होऊ लागलेल्या द्रवात अडकून बसतो. जो दोष काढून टाकायचा होता, तोच पुढे एका मोठ्या उद्योगाचा पाया झाला.

फोमच्या कारखान्यातली सगळी विद्या कागदी पेल्याच्या चाचणीत दिसते. पेल्यात पॉलिओल असते. त्यातच उत्प्रेरक, पाणी आणि सिलिकोनचे थेंब आधी मिसळलेले असतात. वरून तपकिरी ‘आयसो’ ओतायचा, काही सेकंद जोरात घोटायचे आणि घड्याळाकडे बघत राहायचे. मिश्रण फिकट होऊन सायीसारखे दिसू लागले की तो क्रीम टाइम. मग ते पेल्याच्या काठावर चढते. काडी टोचून वर ओढली आणि तिला चिकट तार सुटली की जेल टाइम. बोट लावून चिकटेनासे झाले की टॅक-फ्री. पेला हातात धरवत नाही इतका तापतो, कारण ही अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडते. वायू सुटण्याचा वेग आणि रेणूंचे जाळे घट्ट होण्याचा वेग यांची सांगड बसली नाही तर सगळे फसते. वायू पुढे धावला तर फोम फुगून खाली बसतो; जाळे आधी आवळले तर तो पुरता वर येत नाही किंवा आतून चिरतो. सिलिकोनचे काम बुडबुडे बारीक आणि एकसारखे ठेवण्याचे. जाड ठोकळ्यात तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आणि मिश्रण चुकले तर गाभा करपतो.

शीतगृहाच्या भिंतीतला कडक फोम घनमीटरला साधारण ३० ते ४० किलो भरतो. तिथे ताकदीपेक्षा पोकळीत कोंडलेल्या वायूला महत्त्व, कारण उष्णता तोच अडवतो. एके काळी तो वायू सीएफसी-११ होता. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि फोमवाल्यांना आपली पाककृती पुन्हा पुन्हा बदलावी लागली. सीएफसीच्या जागी आलेला एचसीएफसी-१४१बी भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला. आता बऱ्याच फ्रिजच्या फोमसाठी सायक्लोपेंटेन वापरतात. तो ज्वालाग्राही असल्याने कारखान्याची हवा सतत मोजत राहावी लागते.

स्लीपरचे गणित निराळे. त्याची घनता घनमीटरला ७४० किलो. काचतंतूंच्या असंख्य दोऱ्या रिळांवरून सलग ओढल्या जातात, त्यांच्यात द्रव पॉलियुरेथेन मुरवले जाते, आणि तापलेल्या साच्यातून सरकता सरकता ते फुगून घट्ट होते. दुसऱ्या टोकाला अखंड तुळई बाहेर पडते. सारे तंतू लांबीच्या दिशेने असतात, कारण चाक वरून गेले की स्लीपर वाकतो आणि ताण त्याच दिशेने येतो. फोमचे काम तंतूंना जागेवर धरण्याचे, त्यांच्यात भार वाटण्याचे आणि बंद पोकळ्यांमुळे पाणी बाहेर ठेवण्याचे. झाडाच्या खोडाची रचना हीच आहे: पोकळ पेशी, आणि त्यांच्या भिंतींत उभे गेलेले सेल्युलोजचे धागे. निसर्गाच्या या रचनेचा इतका प्रामाणिक अभ्यास दुसऱ्या कुठल्या औद्योगिक मालात मला दिसलेला नाही.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती जपान्यांची सबुरी. १९८५ मध्ये, पाच वर्षे गाड्या झेलल्यावर, काही स्लीपर उखडून तपासले आणि मगच त्यांच्या सर्रास वापराला मान्यता दिली. नव्या मालाची वाकताना न मोडण्याची ताकद चौरस मिलिमीटरला १४२ न्यूटन होती, बीचची सुमारे ८०. पंधरा वर्षे वापरलेल्या नमुन्यात ती १३१ भरली. तीसेक वर्षांनी, २०११ मध्ये, पुन्हा नमुने काढले, आणि हे आणखी २० वर्षे चालतील असा निर्वाळा रेल्वेच्या तांत्रिक संशोधन संस्थेने दिला. जपानी मानक मात्र २००७ मध्येच आले होते. युरोपात व्हिएन्नातल्या एका पुलावर हे स्लीपर २००४ मध्ये बसले.

आपल्याकडे १८५३ नंतर लोहमार्ग पसरले तशी साग, साल आणि देवदाराची जंगले स्लीपरांसाठी झपाट्याने तुटली. १८६४ मध्ये वनखाते उभे राहण्यामागे ही तूट मोठे कारण होती. पुढे काँक्रीट आले आणि सपाट मार्गावर ते उत्तमच ठरले. लोखंडी गर्डरच्या पुलावर मात्र अडीच क्विंटलच्या आसपासचा काँक्रीट स्लीपर अवजड आणि ताठर पडतो, म्हणून तिथे पोलादी चॅनेल आले. आता मिश्र पदार्थांचे, म्हणजे काँपोझिट, स्लीपरही बसू लागले आहेत. पण ‘काँपोझिट’ या एका नावाखाली अनेक पाककृती खपतात. टाकाऊ प्लॅस्टिकचा स्लीपर आणि अखंड तंतूंचा फोम यांना एका रांगेत बसवणे चूक आहे, आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्यांचे आकडे मागितल्याशिवाय कोणताच घेऊ नये.

या फोमच्या धोक्यांविषयीही बोलायला हवे. आयसोसायनेट म्हटले की आपल्याला भोपाळची वायुदुर्घटना आठवते. तिथला मिथाइल आयसोसायनेट अतिशय उडता होता. कडक फोमसाठी लागणारा आयसोसायनेट, एमडीआय, त्या मानाने फारच कमी उडतो. तरी फवारणी करणाऱ्या कामगाराला त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोडी वाफही पुरते. कडेला लटकवून ठेवलेला मास्क इथे उपयोगाचा नाही. फोम पेटला तर धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो.

आणखी एक प्रश्न बाकी आहे. हे जाळे एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे जुना स्लीपर भट्टीत टाकून नवा ओतता येत नाही. दळून भराव करता येतो. ग्लायकॉलने तापवून साखळ्या तोडल्या तर पॉलिओलसारखा द्रव परत मिळतो, पण त्यातले काचतंतू वेगळे काढावे लागतात, आणि ते कापले-दळले गेले की त्यांची मूळची लांबी उरत नाही. स्लीपरची ताकद तर त्या लांबीतच असते. अखंड तंतू तसाच्या तसा सोडवून घेता येईल अशी राळ घडवणे, हे काम आज प्रयोगशाळांपुढे आहे.