मूळव्याध म्हणून सोडून दिलेलं रक्त

संडासवाटे रक्त गेलं की पोलादपूरच्या वाडीत काय किंवा महाडच्या बाजारपेठेत काय, निदान घरीच होतं: मूळव्याध. मग तिखट बंद, ताक सुरू, झाडपाला देणाऱ्याची चौकशी. बहुतेकदा ती मूळव्याधच निघते, म्हणून तर समज पक्का होतो. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जातं.

का जातं? गाठ एक-दोन मिलिमीटरची असेपर्यंत शेजारून झिरपणाऱ्या प्राणवायूवर भागवते. पुढे तो कमी पडला की तिच्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. गाठीची वाढ या नव्या वाहिन्यांवर अवलंबून असते, हे अमेरिकी शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१मध्ये मांडलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. गाठीवर व्रण पडला की रक्त येतं. कधी ते डोळ्यांना दिसतही नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरत जातं. साठीतल्या माणसाचं असं झालं, तर लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये.

कर्करोगाच्या पेशी शरीरात सगळ्यांत वेगाने वाढतात, हेही खरं नाही. निरोगी आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. तिथली जुनी पेशी वेळेवर गळून पडते. एपीसी जनुक बिघडलेल्या पेशी मात्र साठत जातात आणि पॉलिप तयार होतो. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्यात कोलोनोस्कोपीने पॉलिप काढला तर पुढचं टळतं. त्याच दुर्बिणीतून बायोप्सीचा तुकडा घेतल्याने कर्करोग पसरत नाही.

‘रक्त तोडा, गाठ मरेल’ हे ऐकायला सोपं वाटतं. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण पसरलेल्या आजारासाठी आणि केमोथेरपीच्या जोडीने. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. शिवाय जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या आगेमागे काही आठवडे ते बंद ठेवावं लागतं. रुग्णाला उपास घडवून गाठ उपाशी मरते हा तर शुद्ध भ्रम; खंगतो तो रुग्णच.

टाटा रुग्णालयाचं ॲक्ट्रेक केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे. पण सुरुवात तालुक्याच्या डॉक्टरांनी बोटाने केलेल्या तपासणीनेही होते. तिच्यात मूळव्याध सापडली तरी वयस्कर माणसाने आतडं तपासून घ्यावं. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.