तैलचित्राचा मान

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. मीही त्यांपैकीच एक. पुढे या शास्त्रज्ञाचे १९४२ मधील एक तैलचित्र छापील स्वरूपात पाहण्यात आले. अ‍ॅमॅरिलिसच्या रोपात गढून गेलेले वृद्ध कार्व्हर त्यात दिसतात. त्या चित्राचा मागोवा घेता घेता एका प्रदर्शनाची माहिती मिळाली.

अमेरिकेतील नामवंत कृष्णवर्णीयांच्या व्यक्तिचित्रांचे हे प्रदर्शन हार्मन फाउंडेशनने मे १९४४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत भरविले. चित्रकर्त्या दोघी होत्या: बेट्सी ग्रेव्ह्ज रेनो या गोऱ्या, तर लॉरा व्हीलर वेरिंग या कृष्णवर्णीय. त्या काळी जाहिरातींत आणि व्यंगचित्रांत कृष्णवर्णीय माणूस बहुधा विदूषक किंवा नोकर म्हणूनच दिसे. तैलचित्राचा मान सेनापतींचा, न्यायाधीशांचा, धनिकांचा! या दोघींनी शैलीत काही नवे केले नाही. तीच जुनी, भारदस्त पद्धत त्यांनी या माणसांसाठी वापरली. प्रेक्षकाला ज्या चौकटीपुढे आदराने उभे राहण्याची सवय होती, त्याच चौकटीत त्याला हे चेहरे पाहावे लागले.

वेरिंग यांनी गायिका मेरियन अँडरसन यांना तांबड्या झग्यात उभे केले आहे. १९३९ मध्ये वर्णामुळे त्यांना वॉशिंग्टनचे कॉन्स्टिट्यूशन हॉल हे सभागृह नाकारण्यात आले. तेव्हा लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या सुमारे ७५,००० श्रोत्यांपुढे गायिल्या. विचारवंत ड्यू बॉइस यांचेही चित्र वेरिंग यांनी काढले. याच ड्यू बॉइसना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिले होते.

सुमारे दहा वर्षे हे प्रदर्शन अमेरिकेत गावोगाव फिरले. १९६७ मध्ये यांतील बरीच चित्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनाला देण्यात आली.

तरीही एक शंका मनातून जात नाही. समतेचा हक्क मिळविण्यासाठी माणसाने आधी थोर व्हावे काय? जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकाराने १९४०-४१ मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेल्या आपल्या बांधवांवर ६० चित्रे काढली. त्यांत रेल्वेस्थानकावर गर्दी करणारी अनाम माणसे आहेत. मला ती या प्रदर्शनाची दुसरी बाजू वाटते.

तरुण कार्व्हरना कान्सासमधील एका महाविद्यालयाने दारातूनच परत पाठविले होते, ते त्यांची बुद्धी तपासून नव्हे, तर कातडीचा रंग पाहून. मग ते दार उघडताना तरी थोरवीची अट कशासाठी?