घरातली हवा, लेखांक ७ : चूल, गोठा आणि हिवरे बाजार

चुलीच्या स्वयंपाकघरात एअर प्युरिफायर लावला तर भागेल का? गेल्या लेखांकानंतर हा प्रश्न आला आणि तो विचारणारे बहुतेक गाव सोडून शहरात आलेले आहेत. गावाकडे आई अजून चुलीपुढे बसते, तिचा खोकला हटत नाही, आणि मुलाला तिच्यासाठी मशीन पाठवायचं आहे. प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, म्हणूनच त्याचं उत्तर गोड बोलून नाही, हिशेब मांडून द्यायला हवं.

साध्या चुलीत एक किलो सरपण जळलं की काही ग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात. आपण तीनच ग्रॅम धरू. त्यातले दोन ग्रॅम कौलांच्या फटींतून आणि दारातून निघून गेले असंही समजू. घरात उरला एक ग्रॅम, म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. चुलीत तासाला किलोभर सरपण जळतंय आणि प्युरिफायर तासाला ३०० घनमीटर हवा गाळून देतोय (खोक्यावर सीएडीआर म्हणून छापलेला आकडा तो हाच), तर जाळ चालू असेपर्यंत त्या खोलीत दर घनमीटरला तीन हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम कण राहणार. आपल्या देशाचं २४ तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड हेपा फिल्टरमधून जसाच्या तसा पार होतो, कारण ते फिल्टर कण अडवण्यासाठी असतं, वायू अडवण्यासाठी नव्हे. काजळीनं फिल्टर लवकर भरेल, नवं मागवावं लागेल, आणि आईचा खोकला आहे तिथेच राहील. तेव्हा हे पैसे तिथे घालू नका.

मग कुठे घालायचे? त्यासाठी आज अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारला जाऊ.

या गावाची गोष्ट पाण्याची म्हणून सर्वांना ठाऊक आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा डोंगर बोडके होते आणि माणसं मजुरीसाठी बाहेर जात होती. पाऊस जेमतेम, वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं आणि पंचसूत्री पाळली जाऊ लागली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. या पाच सूत्रांत हवेचा उल्लेख कुठेही नाही. तरीही माझ्या मते महाराष्ट्रात घरातल्या हवेवर झालेलं एक फार चांगलं काम या सूत्रांतून घडलं.

ते कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे. कुऱ्हाडबंदी झाली की डोंगरातून येणारी मोळी बंद होते, म्हणजे पहिली अडचण चुलीची. चराईबंदी झाली की जनावरं दावणीला येतात. रानात हिंडणाऱ्या गाईचं शेण रानात पडतं, वाळतं, कुणीतरी वेचून आणतं आणि त्याचं जळण होतं. दावणीच्या गाईचं शेण रोज सकाळी एका जागी, ओलं आणि ताजं मिळतं. गोबर गॅसला हवं असतं ते नेमकं हेच. दुसरीकडे राखलेल्या डोंगरावर गवत वाढलं आणि ते विळ्यानं कापून न्यायची मुभा गावानं दिली. २००० मध्ये सुमारे १०० टन असलेलं गवत २००४ पर्यंत ६,००० टनांवर गेलं. गवत आलं तशी दुभती जनावरं वाढली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर दिवसाला १५० लिटरच्या आसपास असलेलं दूध पुढे ४,००० लिटरपर्यंत पोचलं. दुधाच्या हिशेबात शेण कुणी मोजत नाही, पण स्वयंपाकघरासाठी तेच महत्त्वाचं. गावात शौचालयं झाली आणि गोबर गॅसही बसले.

गोबर गॅसचं रोजचं काम साधं आहे. गोठा झाडताना शेणाची पाटी कुंडीत रिकामी करायची, जेवढं शेण तेवढंच पाणी घालायचं, गुठळ्या फोडत ढवळायचं, वर आलेल्या काड्या आणि चगाळ काढून टाकायचं आणि बूच उघडून काला टाकीत सोडायचा. आत हवा नसते. तिथले जिवाणू शेण कुजवतात आणि त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण ६० टक्के मिथेन असतो. दुसऱ्या तोंडानं बाहेर आलेली स्लरी शेतात जाते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो.

तेच शेण गोवरी थापून चुलीत घातलं तर धूर सर्वांत जास्त आणि उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. गॅस करून जाळलं तर निम्म्याहून अधिक उष्णता कामी येते, ज्योत निळी राहते आणि काजळी धरत नाही. घरातली हवा सुधारण्याचा याहून मुळाशी जाणारा मार्ग मला माहीत नाही.

राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम १९८१-८२ मध्ये सुरू झाला, विटांच्या घुमटाचं दीनबंधू मॉडेल १९८४ मध्ये आलं. तरी आपल्याकडे बंद पडलेल्या टाक्या गावोगाव दिसतात. दोष टाकीला देतात, पण बऱ्याचदा कारण वेगळं असतं. दुष्काळात जनावरं विकली जातात, आणि प्यायला टँकर येतो तिथे शेण कालवायला पाटीभर पाणी कोण घालणार? हिवरे बाजारनं आधी पाणी अडवलं, उसासारख्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलना आवर घातला, म्हणून जनावरं टिकली, आणि जनावरं टिकली म्हणून गॅस. नुसती टाकी बांधून देणाऱ्या योजनांना हे कळायला हवं होतं, आणि ते न कळल्याची किंमत बायकांच्या फुप्फुसांनी मोजली आहे.

ही किंमत अंदाजानं सांगत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापक बांधून धूर मोजला आणि तेव्हापासून या प्रश्नाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिलं जाऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख मृत्यू झाले.

गॅस आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. थंडीत जिवाणू मंदावतात, गॅस कमी पडतो. कोमट पाण्यात शेण कालवलं तर थोडा फरक पडतो. पाहुणे आले, भाकऱ्यांचा ढीग थापायचा असला की चूल पेटतेच. ती पेटावी, पण पडवीबाहेर, उघड्यावर, वाळलेल्या सरपणानं. पुण्याच्या आरती संस्थेनं केलेल्या सुधारित चुलींनी सरपण कमी लागतं, मात्र धूर गॅसइतका कमी होत नाही, हे लक्षात ठेवून त्या घ्याव्यात. आणि गॅसवरही मिरचीची फोडणी, तळण यांतून कण उठतात, ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड येतो. त्याला खिडकी आणि हवा थेट बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा लागतो. नळी बाहेर न काढलेली चिमणी तेल धरते, वायू तिथेच फिरवते.

तेव्हा मुलानं क्रम असा धरावा: आधी आईच्या घरी गॅसची सोय, गोठा असेल तर गोबर गॅस, नसेल तर भरलेलं दुसरं सिलिंडर, म्हणजे पहिलं संपल्यावर चूल पेटणार नाही. मग एक्झॉस्ट. हे झाल्यावरही घर रस्त्याकाठी असेल, शेजारी वीटभट्टी असेल किंवा आईला दमा असेल, तर तिच्या झोपायच्या खोलीत प्युरिफायर जरूर लावावा. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायला सीएडीआर निदान २०० हवा. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नये.

त्याच खोलीत रात्री डासांची कॉइल जळत असेल तर मात्र हा सगळा खर्च वाया जाईल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. पुढच्या लेखांकात कॉइल, उदबत्ती आणि धूप, आणि घरोघरी शोषखड्डे करून डासांची जागाच मोडणारं नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी.