क्लाउडचा कारभार आणि टाकीतला बॉलकॉक

घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी कमी झालं की तो खाली येतो आणि पाणी सुरू होतं. टाकी भरली की तो वर तरंगतो आणि पाणी बंद होतं. त्यासाठी गच्चीवर माणूस बसवावा लागत नाही. संगणकाच्या जगात आज ज्याला ‘क्लाउड ऑटोमेशन’ म्हणतात, त्याच्या मुळाशी हीच साधी कल्पना आहे.

क्लाउड या शब्दाचा अर्थ ढग. पण हा सगळा मामला जमिनीवरचाच आहे. मोठमोठ्या इमारतींमध्ये हजारो संगणक, म्हणजे सर्व्हर, रात्रंदिवस चालू असतात. कंपन्या असे सर्व्हर विकत न घेता भाड्यानं वापरतात आणि वापराप्रमाणे पैसे मोजतात. अमेझॉननं हा व्यवसाय २००६ साली सुरू केला आणि २०१६ साली मुंबईतही त्यांचं केंद्र आलं. आपण तिकीट काढतो, सामना पाहतो, फोटो साठवतो, त्यातलं पुष्कळसं काम अशाच भाड्याच्या सर्व्हरवर होत असतं.

आता या सर्व्हरांची देखभाल करायची कशी? बंद पडलेला बदलायचा, गर्दी वाढली की नवे जोडायचे, ओसरली की कमी करायचे, रोज माहितीची प्रत काढून ठेवायची. दहा सर्व्हर असतील तर दोन माणसं हे हातानं करतील. हजार झाले की ते माणसाच्या आवाक्यात राहत नाही.

क्रिकेटचंच उदाहरण घ्या. १० जुलै २०१९ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची न्यूझीलंडशी गाठ होती. त्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी अडीच कोटींहून अधिक लोक सामना पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि ही गर्दी झपाट्यानं ओसरली. गंमत अशी, की गर्दी जातानाही भार टाकून जाते. सामना सोडून लोक एकदम मुखपृष्ठावर येतात आणि तिथले सर्व्हर दमतात. अशा वेळी भार वाढल्यावर नवे सर्व्हर सुरू करू म्हटलं, तर उशीर झालेला असतो. म्हणून तिथल्या तंत्रज्ञांनी प्रेक्षकांच्या संख्येवर नजर ठेवून सर्व्हर आधीच वाढवणारी स्वतःची व्यवस्था उभारली होती.

दुसरा फायदा पैशांचा. समजा, एका लहान कंपनीचे चाचणीसाठी घेतलेले सर्व्हर आठवड्यातले पाच दिवस, रोज दहा तास लागतात. म्हणजे झाले पन्नास तास. पण आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट! उरलेल्या वेळी ते आपोआप बंद होतील अशी सोय केली, तर त्या सर्व्हरांच्या वेळेवर आकारल्या जाणाऱ्या भाड्यात जवळजवळ सत्तर टक्के बचत होते. रोज रात्री कुणीतरी आठवणीनं दिवे मालवील, या भरवशावर ही बचत होत नाही.

तिसरा फायदा सर्वांत मोलाचा, तो म्हणजे चूक टळणं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये अमेझॉनच्या एका कर्मचाऱ्यानं थोडे सर्व्हर बाजूला काढण्यासाठी आज्ञा दिली. आज्ञेतला एक तपशील चुकीचा टाइप झाला आणि भलतेच सर्व्हर निघाले. असंख्य संकेतस्थळं सुमारे चार तास विस्कळीत झाली. ‘सेवा बंद आहे’ हे सांगणारा अमेझॉनचा स्वतःचा फलकही काही काळ बदलता येईना, कारण तोही त्याच सेवेवर अवलंबून होता. कंपनीनं नंतर काय केलं? सर्व्हर सावकाश काढले जातील आणि आवश्यक संख्येखाली मुळीच जाणार नाहीत, असा अटकाव त्या साधनातच घातला. ‘यापुढे नीट टाइप करा’ एवढ्यावर भागवलं नाही. थकलेल्या, घाईतल्या माणसाच्या हातून चूक होणारच, हे धरून केलेली ही व्यवस्था आहे.

मग सगळं यंत्रावर सोपवून निश्चिंत व्हावं का? तसंही नाही. बॉलकॉक अडकला की टाकी वाहते, आणि कुणी पाहत नसेल तर वाहतच राहते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्याकडे नरकचतुर्दशीची दुपार असताना, व्हर्जिनियातच पुन्हा मोठा बिघाड झाला. या वेळी चूक माणसाच्या बोटांची नव्हती. सेवांचे पत्ते सांभाळणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेचे दोन भाग एकाच वेळी काम करत होते. मागे पडलेल्या एकानं जुनी यादी लागू केली, तर दुसऱ्यानं ती जुनी म्हणून पुसली. एका महत्त्वाच्या सेवेचा पत्ताच नाहीसा झाला आणि तो शेवटी माणसांनी हातानं परत भरला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे बोध स्पष्ट होतो. तेच ते, वारंवार करायचं काम यंत्राला द्यावं. मर्यादा कुठे घालायची, केव्हा थांबायचं आणि बिघडलं तर हातात कसं घ्यायचं, हे मात्र माणसानं आधीच ठरवून ठेवावं. गूगलमध्ये अशी देखभाल करणाऱ्या अभियंत्यांसाठी एक दंडक आहे. तेच ते हातकाम निम्म्या वेळेपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. उरलेला वेळ ते काम कमी कसं होईल, यासाठी द्यायचा.

स्वयंचलनाचा खरा लाभ इथे आहे. रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर आपोआप बदलला जातो आणि त्यासाठी कुणाची झोपमोड होत नाही. सकाळी ताज्या डोक्यानं कामावर आलेला अभियंता तो मुळात का बंद पडला, याचा शोध घेऊ शकतो. हा शोध घेणं बॉलकॉकला जमणारं नाही.